कुत्रीची नसबंदी: करायची का, आणि नेमकी कधी?

कुत्रीची नसबंदी, म्हणजे तिचे अंडाशय आणि बहुतेकदा गर्भाशयही काढणं, करायची ठरली की बहुतेक घरांतून थेट दवाखान्यात फोन जातो आणि शनिवारची वेळ घेतली जाते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो तो आपल्या सुट्टीच्या सोयीने. कुत्री शेवटची माजावर कधी आली होती, असं डॉक्टरांनी विचारलं की घरातले एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतं गणपतीच्या आसपास, कुणी म्हणतं त्याच्याही आधी. अर्ध्याअधिक चुकांचं मूळ या न लिहिलेल्या तारखेत असतं. म्हणून हा लेख तारखेभोवती रचला आहे. टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने जा, मधला एखादा गाळू नका.

टप्पा १: तिचं चक्र ओळखा आणि लिहून ठेवा

लहान जातींच्या कुत्र्या साधारण सहा ते आठ महिन्यांच्या असताना पहिल्यांदा माजावर येतात. मोठ्या जातींना दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. त्यानंतर सरासरी सहा-सात महिन्यांनी पुन्हा माज येतो. एक माज साधारण तीन आठवडे चालतो.

पहिले नऊ-दहा दिवस योनीला सूज येते आणि रक्तस्राव होतो. नर मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढचे नऊ-दहा दिवस स्राव फिका, पिवळसर होतो, ती शेपटी बाजूला घेऊन उभी राहते आणि गर्भ राहतो तो याच दिवसांत.

इथे मोठा घोटाळा होतो. बायकांच्या पाळीशी तुलना करून लोक समजतात की रक्त थांबलं म्हणजे संपलं, आणि तिला मोकळी सोडतात. प्रत्यक्षात रक्त फिकं पडतं तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. सूज पूर्ण उतरेपर्यंत ती पट्ट्याविना बाहेर जाता कामा नये, गच्चीवरसुद्धा नाही.

माज संपल्यावर साधारण दोन महिने शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढंच राहतं, गर्भ असो वा नसो. खोटी गाभण राहणं (गर्भ नसताना गाभण असल्यासारखं वागणं, दूध येणं) आणि गर्भाशयात पू होणं या दोन्ही गोष्टी याच काळात किंवा त्याच्या शेवटाला दिसतात. त्यानंतर चार-पाच महिने शरीर शांत असतं. शस्त्रक्रियेला हाच काळ योग्य.

तपासून पाहा: रक्ताचा पहिला थेंब दिसला ती तारीख कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये लिहिली आहे का? नसेल तर आजपासून लिहा. काही कुत्र्या स्वतःला इतक्या चाटून स्वच्छ ठेवतात की रक्त दिसतच नाही. अशा कुत्रीच्या अंथरुणावर पांढरी चादर घाला, डाग लगेच कळतो.

टप्पा २: करायची का, हे प्रामाणिकपणे ठरवा

मी नसबंदीच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण पिल्लं नाहीत. कारण आहे गर्भाशयातला पू. नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण चार-पाचांतल्या एकीला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार होतो. माज संपून काही आठवडे गेले की ती खूप पाणी पिऊ लागते, खाणं सोडते, सुस्त पडते, उलट्या होतात. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर दुर्गंधी स्राव दिसतो. बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आत विष भिनत राहतं. मग तीच शस्त्रक्रिया आजारी, तापलेल्या, अनेकदा वयस्क कुत्रीवर रातोरात करावी लागते.

दुसरं कारण स्तनांच्या गाठी. त्यांतल्या साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे आजही सांगितले जातात: नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के. २०१२ मध्ये या विषयावरच्या संशोधनाची फेरतपासणी झाली, तेव्हा हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं दिसलं. त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नका, पण कुत्री तरुण असताना शस्त्रक्रिया झालेली बरी, हा कल मात्र लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. नसबंदीनंतर काही कुत्र्यांची लघवी झोपेत गळू लागते. वीस किलोच्या वरच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. बहुतेकींना औषधाने आराम पडतो, पण ते औषध दीर्घकाळ द्यावं लागतं. वजन सहज वाढतं. मोठ्या जातींत फार लवकर शस्त्रक्रिया केली तर सांध्यांचे त्रास वाढतात. काही जातींत विशिष्ट कर्करोगांचाही प्रश्न आहे, तो पुढच्या टप्प्यात.

आणि तीन समजुती, ज्यांच्यामुळे वर्षं वाया जातात:

«एकदा व्यायला हवी, मग करू.» एका बाळंतपणाने तिच्या आरोग्याला कोणताही फायदा होत नाही. उलट मधल्या प्रत्येक माजाबरोबर गाठी आणि पू यांचा धोका वाढत जातो. आणि त्या सहा-सात पिल्लांना चांगली घरं कोण देणार, याचं उत्तर आधी कागदावर लिहा, नावांसकट.

«इंजेक्शन देऊन माज थांबवू.» माज लांबवणारी ही संप्रेरकांची इंजेक्शनं गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढवतात. आधी कधी दिली असतील तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

«आमची घरातच असते.» बंगल्याचं फाटक, दूधवाल्यासाठी उघडलेलं दार, कोकणातल्या गावी गेल्यावरचं मोकळं अंगण. एवढं पुरतं. रस्त्यावरच्या नराशी संबंध आला तर पिल्लांशिवाय आणखी एक धोका असतो, संसर्गाने पसरणारा जननेंद्रियांचा ट्यूमर. आपल्याकडे तो सर्रास आढळतो.

थांबावं कधी? हृदयविकार, रक्त न गोठण्याचा दोष, सध्या चालू असलेला संसर्ग किंवा ताप असेल तेव्हा. मोठ्या जातीची कुत्री असेल आणि घर खरोखर कडेकोट सांभाळणारं असेल, तर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं आहे.

टप्पा ३: वय ठरवा

«सहा महिने झाले की करून टाका» हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तिचं वजन किती होणार, तिथून सुरुवात करा.

पग, शिह त्झू, पोमेरेनियन, डॅशहंड अशा लहान कुत्र्यांची शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या सुमारास, पहिल्या माजाआधी करायला सहसा हरकत नसते. आपल्या देशी, मध्यम बांध्याच्या कुत्र्यांच्या बाबतीतही माझं मत तेच आहे, विशेषतः ती चाळीत, वाडीत किंवा शेतावर मोकळी फिरणारी असेल तर. तिच्या बाबतीत पहिल्या माजाची वाट पाहणं म्हणजे पिल्लांची वाट पाहणं.

मोठ्या जातींचं गणित वेगळं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०२० मध्ये ३५ जातींच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून जातवार सल्ला दिला. लॅब्रॅडॉर मादीसाठी तो एक वर्ष उलटल्यानंतरचा आहे. जर्मन शेफर्डसाठी दोन वर्षांनंतरचा, सांधे आणि लघवी गळणं या दोन्ही कारणांनी. गोल्डन रिट्रीव्हर मादीचा निर्णय सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यात कोणत्याही वयात नसबंदी केली तरी काही कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. या नोंदी अमेरिकेतल्या आहेत, पण आपल्या डॉक्टरांशी बोलायला पाया म्हणून पुरेशा चांगल्या आहेत. गोल्डनची नसबंदी करायची नाही असं ठरवलंत, तर प्रत्येक माजानंतर दोन-अडीच महिने पुवाची लक्षणं पाहत राहण्याची जबाबदारी तुमची.

सात-आठ वर्षांची झाली म्हणून «आता काय करायचं» असं म्हणून सोडून देऊ नका. पुवाचा धोका वयाबरोबर वाढतो. तपासण्या नीट आल्या तर या वयातही शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रियेआधी स्तनांच्या दोन्ही ओळी बोटांनी चाचपून घ्या. वाटाण्याएवढी गाठ लागली तरी डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ४: तारीख मोजून काढा

माज सुरू झाल्यापासून साधारण तीन महिने थांबा, आणि पुढचा माज यायच्या आत शस्त्रक्रिया करा.

समजा १० जूनला रक्त दिसलं. जुलैच्या सुरुवातीपर्यंत माज. मधला जुलै आणि ऑगस्ट हा खोट्या गाभणीचा आणि पुवावर लक्ष ठेवण्याचा काळ. शस्त्रक्रियेची खिडकी उघडते साधारण १० सप्टेंबरला आणि ऑक्टोबर संपेपर्यंत आरामात उघडी राहते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुढचा माज येऊ शकतो, म्हणून दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

माजावर असताना शस्त्रक्रिया का नको? त्या वेळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. आणि माजानंतरच्या दोन महिन्यांत का नको? अंडाशय काढले की प्रोजेस्टेरॉन एकदम घसरतं आणि दूध आणणारं संप्रेरक चढतं. मग शस्त्रक्रियेनंतर तिला दूध येतं, ती बूट-खेळणी पिल्लं समजून सांभाळते, चिडचिडी होते, आणि ही अवस्था रेंगाळते.

⚠ स्तन चाचपून पाहा. दूध आहे? मग तारीख पुढे ढकला. दूध पूर्ण आटल्यावर काही आठवड्यांनीच करा. दूध काढू नका, दाबून बघत बसू नका, त्याने ते वाढतं.

⚠ नकळत नराशी संबंध आला असेल तर औषधाच्या दुकानातून काहीही आणू नका. गर्भ पाडण्यासाठी दिलं जाणारं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन गर्भाशयात पू आणि अस्थिमज्जेचं नुकसान करू शकतं. तारीख लिहा, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गर्भारपण साधारण ६३ दिवसांचं असतं, विचार करायला वेळ असतो, पण फार नसतो.

पुवाचा संशय असेल तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. ती आणीबाणी आहे, त्याच दिवशी दवाखाना.

टप्पा ५: शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या

«तरुण आहे, काय करायच्यात तपासण्या?» हे वाक्य आपल्या हवामानात महाग पडतं, कारण गोचीड ताप. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्रीच्या रक्तात तो लपलेला असतो आणि प्लेटलेट घटलेल्या असतात. प्लेटलेट कमी म्हणजे टेबलावर रक्त थांबत नाही.

किमान एवढं करा: रक्तपेशींची संपूर्ण मोजणी प्लेटलेटसह, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि डॉक्टरांनी छाती नीट ऐकणं. प्लेटलेट बहुतेक कुत्र्यांत दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात. कमी आल्या तर आधी उपचार, पुन्हा तपासणी, मगच तारीख. सात-आठ वर्षांच्या पुढे पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे यांबद्दल जरूर विचारा.

तपासणी शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी करा. त्याच सकाळी केली की अहवाल वाईट आला तरी «आता आलोच आहोत तर» असा मोह होतो. रेबीजसकट लसी आणि जंतनाशक दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्या. अंगावर गोचीड दिसत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त.

टप्पा ६: दवाखाना निवडा

दर विचारण्याआधी हे विचारा. भूल गॅसची की फक्त इंजेक्शनची? श्वासनलिकेत नळी घालता का? शिरेत सुई लावून ठेवता का? शस्त्रक्रिया चालू असताना श्वास आणि हृदयाकडे वेगळा माणूस बघतो का? शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण असतं? वेदनाशामक आधी देता की नंतर? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढायचे की फक्त अंडाशय, यावर तरुण निरोगी कुत्रीच्या बाबतीत अडून बसू नका. दोन्ही पद्धती चालतात. दोन्ही अंडाशय पूर्ण निघणं महत्त्वाचं. चपट्या तोंडाच्या पग किंवा शिह त्झूला शुद्धीवर येताना श्वासाचा त्रास होऊ शकतो. कारवानी, मुधोळ यांसारख्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असल्याने काही भुलीची औषधं जास्त वेळ टिकतात. जात डॉक्टरांना दिसत असली तरी ही गोष्ट तोंडाने बोलून घ्या.

खर्च परवडत नसेल तर तालुक्याचा आणि जिल्ह्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे जायच्या आधी फोन करून वार आणि वेळ विचारा.

टप्पा ७: आदला दिवस आणि ती सकाळ

दोन दिवस आधी अंघोळ घाला, नंतर दोन आठवडे घालता येणार नाही. गळ्याभोवतीचा कोन आधीच आणून घालून बघा. त्याची कड नाकाच्या टोकापुढे जायला हवी, आखूड कोनातून ती टाक्यांपर्यंत पोहोचते. दिवसातून थोडा वेळ घालून सवय करा.

प्रौढ कुत्रीला शेवटचं जेवण रात्री नऊ-दहाच्या सुमारास. पाणी सकाळपर्यंत असू द्या, मग डॉक्टर सांगतील तेव्हा काढा. लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्याचे तास डॉक्टरांकडून घ्या.

⚠ घरातल्या प्रत्येकाला सांगा, आजी-आजोबांना आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही. कुणीतरी मायेने चहात बुडवलेलं बिस्कीट देतं, भुलीत उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. तिने काही खाल्लं असेल तर दवाखान्यात सांगा आणि दिवस बदला. त्यात लाज नाही.

सकाळी तिला फिरवून शी-शू करून आणा. जुनी चादर, फाइल, चालू औषधांची नावं सोबत. येताना रिक्षा किंवा गाडी ठरवा, स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका.

टप्पा ८: पहिली रात्र

स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही तोवर तिला घरी आणू नका. खाली फरशीवर गोधडी घालून झोपवा. पलंग, सोफा, जिना बंद. भुलीनंतर अंग गार पडतं, म्हणून पंख्याखाली नको.

आधी थोडं पाणी, ते टिकलं तर नेहमीच्या निम्मा हलका आहार. एखादी उलटी, थोडं कुंथणं, डळमळणं चालतं. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी घाबरू नका.

झोपायच्या आधी आणि रात्री एकदा उठून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतायला हवा. हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलेलं, अंग गार आणि ती उठत नाही, असं दिसलं तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघू नका. म्हणूनच रात्रीचा फोन नंबर दवाखान्यातून निघतानाच घेऊन ठेवायचा असतो.

टप्पा ९: पुढचे चौदा दिवस

सर्वांत जपायचे दिवस चौथा ते आठवा. तिला बरं वाटू लागतं, ती उड्या मारू लागते, आपण कोन काढतो, आणि टाके याच दिवसांत उसवतात. कोन टाके निघेपर्यंत राहू द्या. «बिचारीला झोपताना तरी» म्हणून काढू नका, चाटायला दोन मिनिटं पुरतात. फिरणं पट्ट्यावर, हळू, गरजेपुरतं.

जखमेचा रोज एक फोटो काढा, शक्यतो त्याच उजेडात. किंचित सूज आणि टाक्यांखाली घट्ट कड लागणं नेहमीचं आहे. लाली वाढत जाणं, पू, वास, फाकलेली कड किंवा टपकणारं रक्त नेहमीचं नाही. आतला भाग बाहेर डोकावत असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाकून धरा आणि लगेच निघा, आत ढकलू नका.

हळद, खोबरेल, जंतुनाशक पावडर यांपैकी जखमेवर काहीही लावू नका. कोरडी ठेवा. पावसाळा असेल तर फिरून आल्यावर पोट मऊ कापडाने टिपून घ्या.

⚠ माणसांचं वेदनाशामक अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेलं औषधच, दिलेल्या मात्रेत, आणि ती बरी दिसली तरी सांगितलेले दिवस पूर्ण.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. आतून विरघळणारे असले तरी दाखवायला जा.

टप्पा १०: नंतरचे महिने

नसबंदीनंतर शरीराची गरज घटते आणि भूक वाढते. जखम भरली की रोजचं खाणं पाचवा हिस्सा ते तिसरा हिस्सा कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला आणि महिन्यातून एकदा वजन करा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसल्या नाही पाहिजेत. पोळी, भात, बिस्किटं यांचा हिशेब त्याच मापात धरा.

झोपल्या जागी ओल दिसली तर तिला रागावू नका. तिला ते कळतही नाही. लघवीची तपासणी करून घ्या, आधी संसर्ग नाही ना हे बघतात, मग औषध.

काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुन्हा सूज, स्राव, नरांचा पाठलाग असं दिसलं तर «नसबंदी झालीय, काही नाही» म्हणून दुर्लक्ष करू नका. अंडाशयाचा तुकडा आत राहिला असू शकतो. लक्षणं चालू असतानाच जा, तेव्हाच तपासणीत तो नीट पकडता येतो. गर्भाशयाचा उरलेला भाग असेल तर त्यातही पू होऊ शकतो.

सोसायटीतली भटकी कुत्री असेल तर

तिच्यासाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत: महापालिका किंवा नगरपालिकेने नेमलेल्या संस्थेने पकडायचं, शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस, कानाला खूण, आणि तिला उचललेल्याच जागी परत सोडणं. गाडी बोलावण्याआधी तिच्या स्तनांत दूध आहे का ते लांबून बघा. असेल तर आडोशाला पिल्लं आहेत. पिल्लं स्वतः खाऊ लागेपर्यंत थांबा, नाहीतर आई जाळीच्या गाडीत आणि पिल्लं उपाशी. कानाला खूण दिसत असेल तर तिची शस्त्रक्रिया झालेली आहे, पुन्हा पकडायला लावू नका. सोडल्यावर आठवडाभर तिला खायला देताना पोटाकडे नजर टाका आणि जखम ओली दिसली तर त्याच संस्थेला कळवा.